लेन्सच्या मागावर: एका लहान क्रोमाइट खाणीबद्दल

आम्ही सोलापूरची माणसं दगड आडवा बघत मोठी होतो. विहीर खणायला घेतली की वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या नावाचा मऊ दगड, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबड्या मातीचा थर आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या. माझे वडील मंद्रूपच्या बाजूला विहिरींची कामं घ्यायचे. शेजारच्या शेतातली विहीर बघितलेली असली की इथे कुठला दगड किती हातांवर लागणार हे ते आधीच सांगायचे, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले आणि जिथे पसरले तिथेच थिजले. त्यानंतर त्यांना फारसं कुणी हलवलं नाही. म्हणून आमच्या भागात एका विहिरीचं ज्ञान दुसऱ्या विहिरीला उपयोगी पडतं.

भूशास्त्र शिकून मी नोकरीला लागलो तो कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात, एका लहान भूमिगत क्रोमाइट खाणीवर. त्या काळी सोलापूरहून मीटरगेजच्या गाडीने विजापूर, गदग, हुबळी करत अर्सिकेरेला उतरायचं आणि पुढे एसटी. तिथला दगड उभा होता. आज हातभर जाडीचा खनिजाचा पट्टा उद्या पुरुषभर व्हायचा आणि परवा गायब. वडिलांचं विहिरीचं शास्त्र तिथे लागू पडेना. खाणकामाबद्दल मला जे काही कळतं ते त्या एका खाणीने शिकवलं, आणि त्याचा गाभा एवढाच आहे: लहान क्रोमाइट खाणीत सगळं काही खनिजाच्या आकारावरून ठरतं. बोगदा कुठे वळणार, सुरुंग किती भरायचा, माणसं किती लागणार, खाण किती वर्षं चालणार, हे सगळं तो आकार ठरवतो. मालकाच्या किंवा इंजिनिअरच्या मर्जीवर त्यातलं फार थोडं असतं.

आधी खनिजाबद्दल. क्रोमियमचं धातुक म्हणावं असं खनिज एकच, क्रोमाइट. लोह, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचं हे काळं, जड संयुग. शुद्ध क्रोमाइटमध्ये क्रोमिक ऑक्साइड ६८ टक्के भरतं, पण निसर्गात लोहाच्या जागी मॅग्नेशियम आणि क्रोमियमच्या जागी ॲल्युमिनियम शिरलेलं असतं. त्यामुळे प्रत्यक्षात ४५-५० टक्क्यांचा माल मिळाला तरी खाणीवर सगळे खुशीत असायचे. धातू म्हणून क्रोमियमचा शोध फ्रान्समधल्या वोक्लॅंने लावला, १७९७ च्या सुमारास, आणि तोही क्रोमाइटमधून नाही, सायबेरियातून आलेल्या शिशाच्या एका लाल-केशरी खनिजातून.

हे क्रोमाइट येतं कुठून? पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून वर आलेल्या, मॅग्नेशियमने भरलेल्या अतितप्त शिलारसातून. त्या रसात क्रोमियम असतं हजारात जेमतेम दोन-तीन भाग. एवढ्याशा ऐवजातून खाण व्हायची तर निसर्गाला ते शंभरेक पटींनी एका जागी गोळा करावं लागतं. रस थंड होताना सगळ्यात आधी ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाचे स्फटिक होतात आणि त्यांच्यासोबत चिमूटभर क्रोमाइट. मात्र मध्येच खालून ताजा तप्त रस येऊन मिसळला, किंवा भोवतालच्या खडकातली सिलिका वितळून आत शिरली, तर रसाचं रसायन थोडं सरकतं आणि काही काळ फक्त क्रोमाइटचेच दाणे बनत राहतात. ते जड असतात, तळाशी बसतात आणि काळा थर तयार होतो. ऑलिव्हिनच्या खडकाला, म्हणजे ड्युनाइटला, लागून हा काळा थर सापडतो तो यामुळे.

हे सगळं शांतपणे घडलं आणि नंतर कुणी धक्का दिला नाही तर थर थरच राहतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डचे थर २०० कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि जाडीला मीटरभर असलेला एकेक थर कित्येक किलोमीटर सलग जातो. झिंबाब्वेतला ग्रेट डाइक तर ५५० किलोमीटर लांब आहे. तिथे मोठी यंत्रं उतरवता येतात, वीस वर्षांचा आराखडा आज मांडता येतो.

आमची खाण ज्या नुग्गेहळ्ळीच्या पट्ट्यात होती तो जेमतेम ६० किलोमीटर लांबीचा आणि अगदी चिंचोळा. त्यातले खडक ३०० कोटी वर्षांहून जुने, आणि एवढ्या काळात त्यांना काय काय सोसावं लागलं ते त्यांच्याकडे बघताच कळतं. दाबले गेले, दुमडले गेले, उभे झाले. क्रोमाइटचा थर ताणला जाऊन तुटला आणि त्याचे सुटे तुकडे झाले. एकेक तुकडा तोंडल्यासारखा, पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. खाणीवर सगळे त्याला लेन्सच म्हणायचे, कन्नड बोलणारे, तेलुगू बोलणारे आणि मीसुद्धा. एखादी लेन्स पोटात दोन-तीन मीटर जाड आणि लांबीला काही दहा मीटर, तर एखादी खोलीएवढीसुद्धा नाही. दोन लेन्समध्ये निव्वळ टाकाऊ दगड.

हा टाकाऊ दगड म्हणजे सर्पेंटाइन. मूळच्या ऑलिव्हिनमध्ये पाणी मुरून तो तयार होतो आणि होताना फुगतो. जागा नसताना फुगल्यामुळे आतल्या आत सरकतो आणि त्यात शेकडो गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतात. हिरवट-काळा, चकचकीत, हाताला बुळबुळीत. बघायला देखणा आणि वागायला अत्यंत दगाबाज. सुरुंगानंतर छत पक्कं दिसतं, आणि तासाभराने त्यातली एखादी फळी आवाज न करता निसटते. म्हणून शिफ्ट सुरू होताना मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, पहार घेऊन छत ठोकत पुढे जायचा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की तो भाग आधी पाडायचा किंवा खाली लाकडाचे टेकू द्यायचे, मग बाकीच्यांनी आत यायचं. आमचा मेट हे काम करताना कुणालाही बोलू देत नसे. खाण खात्याचे नियम कागदावर १९६१ पासून आहेत, पण खाणीत माणूस जगतो तो अशा मेटच्या कानावर, असं माझं ठाम मत आहे.

खाणीची रचना साधी होती. लेन्स ज्या दगडावर रेलून उभी असते तो फूटवॉल, आणि जो तिच्या अंगावर झुकलेला असतो तो हँगिंग वॉल. शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, नेहमी फूटवॉलच्या बाजूला घ्यायचा, म्हणजे खनिज काढून झाल्यावर पोकळीच्या दिशेने जमीन खचली तरी शाफ्टला धक्का लागत नाही. शाफ्टमधून ठरावीक खोलीवर एकेक लेव्हल, म्हणजे खाणीचा मजला. लेव्हलवर आडवा क्रॉसकट मारून खनिज गाठायचं, मग खनिजाच्या अंगाने दोन्ही बाजूंना ड्राइव्ह न्यायचा. दोन लेव्हल रेजने, म्हणजे उभ्या भुयाराने, जोडल्या की हवा खेळती होते. मधल्या भागातलं खनिज खालून वर काढत जायचं, तो स्टोप. छताचा सुमारे दोन मीटरचा काप सुरुंगाने पाडायचा, खनिज च्यूटमधून, म्हणजे उतरत्या घसरणीतून, खाली टबात सोडायचं, रिकाम्या जागेत टाकाऊ दगड भरायचा आणि त्याच भरावावर उभं राहून पुढचा काप घ्यायचा. पद्धत हळू आहे, माणसं जास्त लागतात. पण लेन्स फुगते, आक्रसते, वळते, आणि तिच्याबरोबर वळू शकणारी पद्धत हीच. मोठं यंत्र लावलं असतं तर खनिजाबरोबर दुप्पट दगड बाहेर आला असता.

खरं कसब लागतं ते लेन्स संपते तेव्हा. संपण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ओळखता येणं म्हणजे अर्धी खाण वाचवणं. पहिल्या प्रकारात लेन्स निमुळती होत जाते. सलग काळ्या मालाच्या जागी काळे-हिरवे पट्टे येतात, मग हिरव्या दगडात काळे ठिपके, मग ठिपकेही विरळ. अशा वेळी भोवतालचा ड्युनाइट सोडायचा नाही. क्रोमाइटची लेन्स ड्युनाइटच्या वेष्टनात असते. ते वेष्टन पुढे चालू असेल तर पुढची लेन्स मिळण्याची आशा असते. बाजूच्या पायरॉक्सिनाइट किंवा ॲम्फिबोलाइट या वेगळ्या खडकांत घुसलात तर तुम्ही वाट सोडली. जवळपास जांभळट छटेचा क्लोराइट हे खनिज दिसलं तर मला हुरूप यायचा, कारण क्रोमियम दगडात शिरल्याशिवाय क्लोराइटला तो रंग येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लेन्स कापली जाते. आमच्या खालच्या लेव्हलवर असंच झालं. ड्राइव्हच्या तोंडावर उत्तम माल, मीटरभराहून जाड, आणि एका सुरुंगानंतर समोर कोरी हिरवी भिंत. मध्ये बोटभर जाडीची राखाडी चिकणमाती. तो प्रस्तरभंग होता, म्हणजे खडक सरकला होता आणि लेन्सचा उरलेला भाग सोबत घेऊन गेला होता. प्रश्न एवढाच की कुठे? उजवीकडे, डावीकडे, वर की खाली? चुकीच्या बाजूला बोगदा नेला तर महिन्याभराची मजुरी, जिलेटिन आणि ड्रिलची पाती दगडात जातात, आणि लहान खाणीला तेवढा खर्च पेलवत नाही.

मेटने पाणी मारून माती धुतली आणि भिंतीवर तळवा ठेवला. भंगाच्या पृष्ठभागावर घासल्याच्या बारीक समांतर रेषा असतात. त्यांच्या अंगाने हात फिरवला तर एका दिशेने सहज सरकतो आणि उलट फिरवला तर बारीक पायऱ्या बोटांना अडतात. हात ज्या दिशेने सहज सरकतो त्या दिशेला त्या भिंतीवरून घासत गेलेला ठोकळा सरकलेला असतो. पुस्तकात हा नियम आहे, त्याला अपवादही आहेत. मी चिकणमातीत ओढले गेलेले क्रोमाइटचे कण कुठल्या बाजूला जास्त आहेत ते शोधत होतो. दोघांचं उत्तर एकच आलं, उजवीकडे. तिकडे क्रॉसकट सुरू केला.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते ड्रिलच्या पाण्यामुळे. जॅकहॅमरने ओलं छिद्र घेतात, म्हणजे पातीच्या मधून पाणी जातं आणि दगडाचा चुरा घेऊन बाहेर येतं. सर्पेंटाइनमध्ये धूळ उडू देणं जिवावरचं असतं, कारण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. म्हणून कोरडं ड्रिलिंग करायचंच नाही. सर्पेंटाइनमधून येणारं पाणी हिरवट-राखाडी असतं. क्रोमाइट दिसायला काळं असलं तरी त्याची पूड तपकिरी असते. ड्रिलवाला पात्याकडे बघत नसे, पायाशी वाहणाऱ्या पाण्याकडे बघायचा. कित्येक दिवस ते हिरवट-राखाडीच राहिलं. मग एका दुपारच्या शिफ्टला एका छिद्राचं पाणी मळकट झालं आणि बघता बघता गडद तपकिरी. त्याने मशीन बंद केलं, ओंजळीत ते पाणी घेतलं, बोटांत चुरा चोळला आणि मला हाक मारली. "सर, बंतु." आलं. एवढंच म्हणाला. त्या पलीकडे लेन्सचा उरलेला भाग होता, आणि त्याच्या जोरावर ती लेव्हल पुढे चालली.

वर आलेला माल मात्र तसाच विकता येत नाही. त्यात सर्पेंटाइन मिसळलेला असतो. पृष्ठभागावर पत्र्याच्या शेडखाली बायका हातोडीने ढेकळं फोडून माल वेचायच्या. १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे तेव्हा बायकांना भूमिगत काम करायला मनाई होती. २०१९ पासून अटींसह परवानगी आहे. वेचणीवरच्या एका अक्कांचा हात मी बराच वेळ बघत बसायचो. डाव्या हातात एक ढेकूळ, उजव्या हातात दुसरं, एकदा किंचित वर-खाली, आणि दोन्ही वेगवेगळ्या ढिगांवर. क्रोमाइटचं विशिष्ट गुरुत्व साडेचारच्या आसपास, सर्पेंटाइनचं अडीचच्या थोडं वर. सारख्या आकाराच्या दोन दगडांत एवढा फरक हाताला लगेच कळतो. पण काळा-हिरवा मिश्र दगड ४० टक्क्यांच्या ढिगात टाकायचा की ३० टक्क्यांच्या, हे ठरवणं सोपं नाही. त्यांनी लावलेल्या ढिगांचे नमुने मी प्रयोगशाळेत पाठवायचो. क्रोमाइट आम्लांना दाद देत नाही, म्हणून आधी सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून मग अनुमापन करावं लागतं. त्याचे आकडे येईपर्यंत माल गाडीत भरून गेलेला असायचा. अक्कांच्या ढिगांवर विश्वास ठेवून सौदे व्हायचे आणि ते सौदे टिकायचे. त्यांची मजुरी मात्र त्या कसबाच्या मानाने फारच कमी होती. हे तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं.

बारीक चुरा जिगवर, म्हणजे पाणी वर-खाली हलवणाऱ्या यंत्रावर, आणि थरथरत्या टेबलांवर धुवून घ्यायचा. तत्त्व तेच, जड खाली, हलकं वरून वाहून जातं. तयार माल जायचा फेरोक्रोमच्या, म्हणजे लोह-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या, विजेच्या भट्ट्यांना, काही भट्टीच्या विटा बनवणाऱ्यांना आणि काही रसायनांच्या कारखान्यांना. भट्टीवाल्यांना नुसती टक्केवारी पुरत नाही, क्रोमियम आणि लोह यांचं प्रमाणही बघतात. लोह जास्त असेल तर भाव पडतो.

आता पाण्याबद्दल, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्रोमाइटमधलं क्रोमियम त्रिसंयुजी असतं. ते दगडात घट्ट बसलेलं असतं, सहसा त्रास देत नाही. पण चुऱ्याच्या ढिगावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस झाला, सोबत मँगनीजची ऑक्साइडं असली, तर त्यातलं थोडं षट्संयुजी होतं. ते पाण्यात विरघळतं आणि विषारी असतं. देशातलं ९५ टक्क्यांहून जास्त क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे, आणि तिथलं दूषित पाणी जगभर गाजलं. २००७ मध्ये जगातल्या दहा सर्वांत प्रदूषित ठिकाणांच्या यादीत सुकिंदाचं नाव आलं. उपाय माहीत आहे: खाणीतून उपसलेलं पाणी टाकीत घेऊन फेरस सल्फेट घालायचं, षट्संयुजी क्रोमियम पुन्हा त्रिसंयुजी होऊन खाली बसतं. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. मोठ्या खाणींवर सगळ्यांची नजर असते. मला काळजी लहान खाणींची वाटते. लेन्स संपली की खाण बंद होते, शाफ्टवर जाळी बसते, माणसं पांगतात, आणि चुऱ्याचा ढीग गावाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तसाच पडून राहतो. खाण बंद करतानाच ढीग हलवून रिकाम्या स्टोपमध्ये भरायचा किंवा वर माती टाकून झाकायचा, आणि पुढची निदान दहा वर्षं आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासायचं, ही अट प्रत्येक लहान खाणीला असायला हवी आणि ती पाळली जायला हवी.

सोलापुरात क्रोमाइट नाही, पण क्रोमियमशिवाय सोलापूरचा दिवस जात नाही. स्वयंपाकघरातल्या चांगल्या डब्यावर ३०४ लिहिलेलं असतं, त्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. साडेदहा टक्क्यांच्या खाली आलं तर त्याला स्टेनलेस म्हणतच नाहीत. हवेशी संबंध आला की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो, ओरखडा पडला तर पुन्हा धरतो, म्हणून गंज चढत नाही. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत उसाचा रस आटवणाऱ्या नळ्या बऱ्याच ठिकाणी स्टेनलेसच्या असतात. यंत्रमागावर सूत ज्या भागांवरून घासत जातं त्यांतल्या काहींना हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कठीण मुलामा, केलेला असतो, नाहीतर सूतच लोखंडाला खाचा पाडतं. सूत रंगवताना गंधकी रंग पक्का करायला बायक्रोमेट वापरायचे. ते पाणी नाल्यात सोडणं किती वाईट होतं हे आता सगळ्यांना कळलंय.

महाराष्ट्रात क्रोमाइट बघायचं असेल तर कणकवलीला जा. जानवली आणि वागदे या गावांच्या परिसरात जुन्या खडकांत ते सापडतं. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतही आहे. साठे सगळे लहान, आमच्या हासनसारखेच तुटक. आपल्याकडे ट्रॅपखाली, म्हणजे लाव्हाच्या या थरांखाली, काय आहे, हे मला पुष्कळ जण विचारतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल छिद्र घेतलं त्यात ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, थोडा गाळाचा थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे हासनकडच्या भूमीसारखा प्राचीन पाया. तेवढ्यावरून क्रोमाइट आहे असं म्हणता येत नाही. पण वडिलांच्या सगळ्या विहिरींच्या खाली कुठेतरी उभा दगड सुरू होतो, हे मला तो आकडा वाचल्यापासून फार आवडतं.

शेवटी एक विनंती. मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडून शेतात सापडलेल्या काळ्या दगडांचे फोटो मला मोबाइलवर येतात. फोटोवरून काहीही सांगता येत नाही. घरी तीन गोष्टी करून बघा. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा: तपकिरी रेघ आली तर पुढे बघण्यासारखं आहे, काळी आली तर मॅग्नेटाइट असेल, राखाडी आली तर बेसाल्ट. मग चुंबक लावा. मॅग्नेटाइट तो झटकन ओढतो, क्रोमाइट अगदी कमी किंवा नाहीच. आणि दगड आधी कोरडा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागा. उत्तर तीनच्या आसपास आलं तर आपला बेसाल्टच आहे. चारच्या वर आलं आणि रेघही तपकिरी असेल, तर कुठल्या गावातून, किती खोलीवरून आणि कुठल्या थरातून निघाला ते लिहून ठेवा आणि दगड घेऊन या.